सालोमीबाईंचा ट्रंककॉल

आमच्या चाळीत तुम्ही कुणाशी भांडलात, तर तो फार तर तुमच्याशी बोलणं टाकील. सालोमीबाई आढावांशी भांडलात, तर त्या तुमच्यासाठी प्रार्थना करतात. दुसऱ्या दिवशी पहाटे, नळाला पाणी यायच्या सुमारास, खणखणीत आवाजात, सबंध मजल्याला ऐकू जाईल अशी. ज्यांनी हे भोगलंय त्यांना विचारा. शिव्याशाप परवडले म्हणतील.

"हे प्रभू," अशी सुरुवात होते. मग जरा थांबून, "नाव घे लिहून. महाडिक. पुन्हा सांगते, महाडिक. दत्ताराम केशव. दुसरा मजला, जिन्याला लागून खोली. तळमजल्यावर दुसरे महाडिक राहतात, ते नव्हेत. त्यांच्याकडे जाऊ नकोस."

बाई टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. आजच्या पोरांना हे समजावून सांगावं लागतं, की एके काळी परगावी बोलायचं तर आधी ऑपरेटरकडे नंबर नोंदवून ताटकळत बसावं लागे, आणि लाइन लागली की बेंबीच्या देठापासून ओरडावं लागे. त्याला ट्रंककॉल म्हणायचे. बाईंची सगळी नोकरी ते जोडून देण्यात गेली. त्यामुळे स्वर्गाची लाइनसुद्धा आपल्याच खात्याकडे असणार, असा त्यांचा पक्का समज. नाव दोनदा, पत्ता खुणेसकट. शिवाय कॉलचे प्रकार. कपड्यांचं पाणी खाली गळलं, यावरून झालेलं भांडण साध्या दरात जातं. कचऱ्यावरून वाजलं तर "प्रभू, हे अर्जंट समज." आणि सगळ्यात महाग तो लाइटनिंग कॉल. तो मी एकदाच ऐकला. चाळ कमिटीने त्यांच्या कुंड्या गॅलरीतून उचलून गच्चीवर टाकल्या होत्या, तेव्हा अख्ख्या कमिटीच्या नावाने.

बाईंची खोली मधे. अलीकडे आम्ही, पलीकडे तावडे. मधे लाकडी पार्टिशन. त्यामुळे मला आयुष्यात कधी गजराचं घड्याळ घ्यावं लागलं नाही.

"बाई, मित्रांसाठी का नाही हो प्रार्थना करत?" मी एकदा विचारलं.

"मित्रांसाठी कोणीही करतं रे सुधीर. त्यात काय मोठंसं? आमच्या प्रभूने शत्रूंसाठी करायला सांगितलीय."

"पण शत्रू करू नका, असं नाही सांगितलं?"

"सांगितलं असेल," बाई म्हणाल्या. "पण मग प्रार्थना कोणासाठी करायची?"

महाडिक आमच्या कमिटीचे सेक्रेटरी. माणूस रुबाबदार, पण त्यांच्या वाट्याला आलेली प्रार्थना चाळ अजून विसरलेली नाही. "प्रभू, दत्ताराम स्वभावाने वाईट नाही. त्याला मूळव्याध आहे. बसता येत नाही म्हणून चिडतो बिचारा. त्याला आराम दे, आणि तिखट कमी खायची बुद्धी दे." त्या दिवशी महाडिक जिन्यावरून उतरताना चहावाल्यापासून पेपरवाल्यापर्यंत सगळे त्यांच्याकडे आपुलकीने बघत होते. संध्याकाळी ते तरातरा बाईंच्या दारात आले.

"बाई, हात जोडतो. माझ्यासाठी प्रार्थना करू नका!"

"मग भांडू नका."

"मी भांडत नाहीये!"

"ओरडताय की आत्ता." दुसऱ्या दिवशी महाडिक पुन्हा लाइनवर होते.

बाई भांडकुदळ आहेत, यात वाद नाही. जीभ नगरी, तिला धार नगरच्या उन्हाची. पण त्यांच्या प्रार्थनेचा दुसरा भागही असतो, आणि तो त्या पहिल्याइतक्याच मोठ्याने म्हणतात. "माझंही चुकलं, प्रभू. मी त्याला उकिरडा म्हणाले. म्हणायला नको होतं. तू एकदा येऊन त्याची गॅलरी बघावीस एवढंच माझं म्हणणं, पण म्हणायला नको होतं." मग उजाडल्यावर शेंगदाण्याच्या चटणीची वाटी घेऊन त्या माणसाच्या दारात जातात, आणि पंचाहत्तरीची ही बाई वाकून माफी मागते. उगाच तोंडदेखली नाही, डोळे भरून. समोरच्याला कुठं तोंड लपवू असं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे पार्टिशनमधून ऐकू येतं, "महाडिकांचा कॉल पूर्ण झाला, प्रभू. आभारी आहे." आणि ते नाव गळतं.

असे सगळ्यांचे कॉल कधी ना कधी पूर्ण झाले. एक सोडून. तावडेंचा.

गणपत विठोबा तावडे. गाव मालवणकडलं, जन्म गिरणीत गेला. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी तिथेच उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत वॉचमनकी केली. या दोघांचं वैर माझ्या लहानपणापासूनचं. दोन दारांच्या मधे गॅलरीत एकच खिळा. दिवाळीत त्यावर तावडेंचा कंदील, नाताळात बाईंचा तारा. तर तावडे तुळशीचं लग्न होऊन गेलं तरी कंदील उतरवायचे नाहीत. तारा बाईंच्या घरातच मिणमिणत राहून नाताळ उलटला, की मग उतरवायचे. तावडेकाकू होत्या तोवर त्या गुपचूप बाईंकडे तिसऱ्या-शिंपल्यांचं कालवण पोचवून हिशेब सारखा करायच्या.

चार वर्षांपूर्वी काकू गेल्या. मुलगा बदलापूरला. तो दिवसकार्य उरकून परत गेला आणि तावडेंच्या घरातून आवाज येणंच थांबलं. त्या वर्षी तावडेंनी कंदील लावलाच नाही. नाताळच्या आधी त्यांनी स्वतः बाईंकडे तारा मागून घेतला, स्टुलावर चढून खिळ्याला टांगला, आणि आत गेले. बाईंनी फराळाचं ताट भरून पाठवलं. दुसऱ्या पहाटे तावडेंचा कॉल पूर्ण झाल्याची वर्दी प्रभूला गेली. आम्ही सगळे खूश झालो. माझ्या बायकोने तर देवाला साखर ठेवली.

आठवडाही गेला नसेल. सकाळी गॅलरीत तावडेंचा आरडाओरडा. "ही बादली हंय कोणी ठेवल्यान? माका पाडूचो इचार आसा काय?" बादली जिथे वर्षानुवर्षं असते तिथेच होती. बाई पदर खोचून बाहेर आल्या, आणि असं झकास भांडण झालं, की समोरच्या चाळीतले लोकही गॅलरीत आले. दुसऱ्या पहाटे तावडे पुन्हा प्रार्थनेत रुजू. पत्त्यासकट.

मग हे नेहमीचंच झालं. बाई माफी मागायच्या, कॉल पूर्ण व्हायचा, आणि चार दिवसांत तावडे काहीतरी खुसपट काढायचे. कधी चप्पल, कधी उदबत्तीचा वास, एकदा तर बाईंच्या घड्याळाची टिकटिक. "म्हाताऱ्याला माज आलाय," असं चाळ म्हणायला लागली. मीही म्हणायचो.

एकदा पहाटे मी पाणी भरायला उठलो. तावडे बाईंच्या खिडकीजवळ खुर्ची टाकून बसले होते. हातात चहाचा ग्लास, तसाच निवत चाललेला. आत बाईंचं सुरू होतं. "तावडे. पुन्हा सांगते, तावडे. गणपत विठोबा. त्याच्या गुडघ्यांना बळ दे. रात्री नीट जेवत नाही तो, त्याला भूक दे." तावडेंनी डोळे मिटून ते सगळं ऐकलं आणि मग चहाचा पहिला घोट घेतला. मी दिसल्यावर दचकले.

"काय बगतस? पाण्याची वाट बगतंय मी." पिंप तर त्यांचं काठोकाठ भरलेलं होतं.

मी ही बातमी घेऊन बाईंकडे धावलो. बाई गवार मोडत बसल्या होत्या. मला वाटलं, त्या चकित होतील.

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "अरे, मी जन्मभर माणसं नुसती कानाने ओळखली. पलीकडचा रागाने ओरडतोय की घाबरून, ते मला पहिल्या हॅलोला कळायचं. काकू गेल्यापासून त्या माणसाचं नाव घ्यायला कोण आहे? मुलगा 'बाबा' म्हणतो, ते पण महिन्यातून एकदा."

"मग भांडणाशिवाय घ्या ना नाव!"

"मग ती कीव झाली रे. शेजारीण आपली कीव करते, हे त्याला सोसायचं नाही, बसायचा बंद होईल तो तिथे. भांडणात माणसाची मान वर राहते." त्यांनी एक जून शेंग बाजूला टाकली. "म्हणून तो आला की मीही भांडते. मनापासून भांडते हं, खोटं भांडलेलं त्याला कळेल."

याची किंमत त्यांनी मोजलेली मी पाहिली आहे. त्यांच्या चर्चमधल्या महिला मंडळाचं अध्यक्षपद त्या वर्षी त्यांच्याकडे यायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा. बाईंनी नवी साडी घेतली होती आणि मला आग्रहाने नेलं होतं. पण त्यांच्या भांडणांची कीर्ती तिथवर पोचली होती. पाळकसाहेब सगळ्यांसमोर म्हणाले, की जिचं शेजाऱ्याशी पटत नाही तिने आधी तिकडे समेट करावा. बाई उठून उभ्या राहिल्या. "खरं आहे, पाळकसाहेब. माझा स्वभावच वाईट," एवढं म्हणाल्या आणि मागच्या बाकावर जाऊन बसल्या. घरी येईपर्यंत माझा संताप मावेना.

"खरं काय ते सांगायचंत ना!"

"काय सांगू? गणपत तावडे एकटा पडलाय, हे भर चर्चमध्ये सांगू?" त्या बाईबद्दल मला त्या दिवशी जे वाटलं, ते मी अजून तिला सांगितलेलं नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात बाईंच्या गळ्याला गाठ निघाली. परळच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. गाठ साधी होती, पण आवाजाच्या नसेला धक्का लागलाय, आवाज परत येईल की नाही आत्ता सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. तोवर एक अक्षर बोलायचं नाही. नगरहून भाऊ आला, चार दिवस राहून गेला. मग मी आणि माझी बायको आळीपाळीने त्यांच्याकडे थांबू लागलो.

पहाट मुकी झाली. महाडिकसुद्धा म्हणाले, "काहीतरी चुकल्यासारखं वाटतं हो." तावडे खिडकीशी येऊन बसायचे आणि चहा तसाच ठेवून उठायचे. एका सकाळी त्यांनी बाईंच्या बादलीला लाथ मारली. "ही बादली हंय कोणी ठेवल्यान?" आतून उत्तर नाही. पुन्हा ओरडले. मग खाली वाकून त्यांनी बादली उचलली आणि होती तिथे नीट ठेवली.

बाईंनी ते ऐकलं. त्यांनी माझा हात धरला, तावडेंकडच्या पार्टिशनकडे बोट दाखवलं, मग माझ्या तोंडाकडे. तू घे त्याचं नाव. मी बँकेतला कारकून, परीक्षेच्या दिवसाखेरीज देवाशी कधी बोललो नाही. "हे प्रभू," म्हटलं आणि अडकलो. मोठ्याने, असं त्यांनी खुणेने सांगितलं. मला लाज वाटली, दुसरं काही नाही. माझ्याकडून काही होणार नाही हे ओळखून त्यांनी डोळे मिटून घेतले. त्या भिंतीकडे तोंड करून बराच वेळ नुसते ओठ हलवत राहिल्या.

दुसऱ्या पहाटे मी त्यांना गरम पाणी देत होतो. बाहेर गॅलरीत कुणीतरी घसा खाकरला.

"बा देवा म्हाराजा!"

कोकणातल्या माणसाला गाऱ्हाणं म्हणजे काय ते सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. एक जण देवापुढे उभा राहून मोठ्याने मागणं मागतो, आणि जमलेली मंडळी प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून दुजोरा देतात. मी दार किलकिलं केलं. तावडे आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, बाईंच्या खिडकीसमोर हात जोडून उभे होते.

"ह्या सालोमीबायच्या येशू म्हाराजा! तुजी माजी वळख नाय. पन माजा नाव तुज्या कानार रोज पडता!"

गॅलरीत दात घासणारे, पाणी भरणारे, सगळे जागच्या जागी थांबले. मग महाडिकांनी तोंडातला ब्रश काढला आणि म्हणाले, "व्हय म्हाराजा."

"हिच्या बापाशीचा नाव माका ठावक नाय, तुका ठावक असतला!"

"व्हय म्हाराजा!" आता पाच-सहा आवाज होते.

"बाय भांडकुदळ आसा, ता खरा! पन आमच्यातल्या एकाचाय तिना वायट चितूक नाय! तिच्यावर जी काय इडापिडा आसात, ती साता समुद्रापलीकडे ने रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पाणी वाहत होतं, नळ बंद करायचं कुणाला सुचत नव्हतं. कोणीतरी 'आमेन'ही म्हटलं.

तावडेंचा आवाज चिरकला. "तिचो आवाज तिका परत दी. तिना चार शब्द सुनावल्याशिवाय माजी सकाळ होणा नाय रे, म्हाराजा."

मजला काही म्हणायच्या आत माझ्या पाठीमागून घोगरा, फाटका, वाऱ्यासारखा एक आवाज आला. बाई पलंगावर उठून बसल्या होत्या. गळ्याच्या पट्टीवर एक हात, डोळ्यांतून पाणी.

"व्हय... म्हाराजा."

तावडेंनी खिडकीचा गज धरला. माझ्याकडे बघितलं नाही, कुणाकडेच नाही.

"बोलू नको गो बाये," ते म्हणाले. "मी आसंय मा? मी सांगतंय."

आणि सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसून त्यांनी गाऱ्हाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.