एकोणीस शुभेच्छुक

चित्रपटाच्या पदवीची तीन वर्षांची फी दोन लाख दहा हजार होती. हा आकडा सयाजीराव मोठ्यानं उच्चारत नसत. उच्चारला की तो खरा होईल, अशी त्यांना धास्ती होती. लेकीनं, तेजस्वीनं, कॉलेजचं माहितीपत्रक फ्रीजवर चिकटवल्यापासून ते फ्रीजसुद्धा उघडत नव्हते. प्रवेशाची मुदत शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत होती.

सयाजीराव बावीस वर्षं दूध संकलन केंद्रावर फॅट तपासत होते. दूध यंत्रात घालायचं, आकडा येतो, आकड्यावर दर ठरतो. दूध घालणारा कितीही शपथा घेवो, यंत्र ऐकत नाही, म्हणून यंत्रावर त्यांचा जीव होता. लेकीच्या पदवीसाठी असं कुठलं यंत्र नव्हतं. शेवटी ते स्वतःच कॉलेजात जाऊन आले. विभागप्रमुखांनी अभिमानानं भिंतीवरचे फोटो दाखवले. शिकून कामाला लागलेले विद्यार्थी. सयाजीरावांनी मोजले, बारा होते. खात्रीसाठी पुन्हा मोजताना त्यांच्या लक्षात आलं, की त्यातला एक जण दोनदा आहे. एकदा दाढीसह, एकदा दाढीशिवाय. घरी येऊन ते जेवले नाहीत.

"अवो, पण पोरीला आवडतंय न्हवं?" त्यांच्या पत्नी वर्षाराणी म्हणाल्या.

"आवडायला काय जातंय? तेवढ्या पैशात दोन मुऱ्हा म्हशी येत्यात. म्हशीला कोण इचारत न्हाय, शिकून पुढं काय करणार म्हणून."

"मग म्हशीलाच घाला की कॉलेजात."

बुधवारी त्यांना राहवेना. गल्लीतल्या तालमीचा अध्यक्ष विजयसिंह हा त्यांचा लहानपणचा दोस्त. त्याला त्यांनी बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. "अजून ठरलेलं न्हाय. कुणाला बोलू नगंस," असंही दोनदा बजावलं.

विजयसिंह कुणाला बोलला नाही. गुरुवारी सकाळी चौकात वीस फुटी डिजिटल फलक लागला होता.

'आमच्या गल्लीची शान, कु. तेजस्वी हिने चित्रपटसृष्टीत पदार्पण केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' मधोमध तेजस्वी गॉगल लावून. तिच्या डाव्या खांद्याजवळ सयाजीराव. हा फोटो दूध संघाच्या ओळखपत्रावरचा होता आणि त्यात ते आत्ता होते तितकेच घाबरलेले दिसत होते. खाली तीन रांगांत एकोणीस शुभेच्छुकांचे चेहरे, प्रत्येकाखाली नाव.

सयाजीराव फलकाखालून मान खाली घालून केंद्रावर गेले. तिथं त्याहून भयंकर प्रकार सुरू झाला. फॅट कमी आलं तरी कुणी भांडेना. सहाच्या जागी साडेपाच लागलेले बाळासो तर गोड हसले. सयाजीरावांनी यंत्र तपासून घेतलं.

"ऱ्हाऊ द्या की सयाजीराव, साडेपाच तर साडेपाच," बाळासो म्हणाले. "तेवढं पोरीच्या कानावर घाला. माझी म्हैस लई शांत हाय. क्यामेऱ्याला बिचकत न्हाय."

दहा वाजता गारगोटीहून मेव्हण्याचा फोन आला. "दाजी, कुठला पिच्चर? हिरो कोण हाय? आमाला परक्यागत फलकाच्या फोटोवरनं कळावं व्हय?" साडेदहाला केंद्राच्या चेअरमननी बोलावून घेतलं आणि वार्षिक सभेत बापलेकीचा सत्कार ठेवल्याचं सांगितलं. नारळ किती सांगायचे, एवढंच त्यांना विचारायचं होतं. उद्या आपण नाही म्हटलं, की पोरीला पिच्चरमधून काढून टाकलं असं सगळं शहर म्हणणार. आणि व्हय म्हटलं, तर दोन लाख दहा हजार.

ते तडक तालमीत गेले. "विज्या, फलक उतरव."

"तसं जमत न्हाय भावा." विजयसिंह शांतपणे पायाला तेल चोळत होता. "एकोणीस माणसांची तोंडं हायत त्यावर. आणि फलक अभिनंदनाचा. चार दिसाच्या आत उतरवला, तर अपमान एकोणीस जणांचा. सगळ्यांची परवानगी आण, मी स्वतः शिडीवर चढतो."

त्यात तथ्य होतं. या गल्लीत माणसाचा फोटो फाडणं आणि त्याच्या श्रीमुखात देणं यांत फारसा फरक मानत नाहीत. सयाजीरावांनी वहीत एकोणीस नावं लिहिली आणि शुक्रवार-शनिवारची रजा टाकली.

पहिला म्हणाला, बाकी अठरा तयार असतील तर माझं काही नाही. दुसरा तेच म्हणाला. तिसऱ्याचा मंगळवारी वाढदिवस होता. तोपर्यंत चौकात तोंड दिसलेलं बरं, असं त्याचं मत पडलं. चौथ्याचा फोटो पहिल्या रांगेऐवजी तिसऱ्या रांगेत आला होता; तो म्हणाला, "उतरवा, आणि मला वरच्या लायनीत घेऊन परत लावा." शालूबाई महिला मंडळाच्या वतीनं फलकावर होत्या. त्यांनी सयाजीरावांना बसवून चहा दिला.

"तुमास्नी भ्या वाटतंय, व्हय की न्हाय?" त्यांनी विचारलं.

"न्हाय, तसं काय न्हाय."

"बशी हलाय लागल्या हातातली."

शनिवारी दुपारी दोनपर्यंत सतरा जण झाले आणि परवानगी एकाचीही नव्हती. तेव्हा त्यांना दुसरी वाट सुचली. फलक तसाच राहू दे. फक्त 'पदार्पण केल्याबद्दल' यावर पट्टी चिकटवून 'पदार्पणाचा विचार केल्याबद्दल' असं करून घ्यावं. ते फलक छापणाऱ्या दुकानात गेले. संगणकापुढं सम्मेद नावाचा तिशीतला तरुण बसला होता. त्यानं म्हणणं ऐकून घेतलं.

"विचार केल्याबद्दल अभिनंदन? असलं मी अजून छापलेलं न्हाय, काका."

"ॲडमिशनच घेतलेली न्हाय रं पोरीनं. पाचपतोर मुदत हाय." आणि सयाजीरावांनी कॉलेजचं नाव सांगितलं.

सम्मेदनं माऊस सोडला. "मी तिथलाच की. दुसऱ्या बॅचचा."

सयाजीराव जवळचं स्टूल ओढून त्यावर बसले. ज्याची भीती होती ते समोर टी-शर्ट घालून बसलं होतं. "म्हंजे, डिग्री घेऊन ह्ये?"

"ह्ये सकाळचं. दुपारनं लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग. शूटिंग लागलं तर चार-चार म्हैने तिकडं. एका पिच्चरला चाळीस दिवस काम केलो, पैसे वीस दिवसांचे मिळाले."

"मिळतंय तरी किती? खरं सांग."

"पयली दोन वर्सं घरातनंच मागून घेतलो. आता म्हैन्याला अडतीस हजार सुटत्यात. पावसाळ्यात बावीस."

आठ दिवसांत हा पहिला आकडा होता. सयाजीरावांनी तो मनातल्या मनात यंत्रात घालून पाहिला. मोठा नव्हता, पण पाणी घातलेलंही नव्हतं. त्यांचा स्वतःचा पगार, बावीस वर्षांनी, एकतीस हजार होता.

"परत घेशील ही डिग्री?"

सम्मेदनं माऊस पुन्हा हातात घेतला. "घेईन. तिथं क्यामेरा शिकवत्यात, माणसाकडनं पैसे कसं वसूल करायचं त्ये शिकवत न्हाईत. तेवढं आधी शिकून जाईन." मग त्यानं विचारलं, "पट्टीचं काय करू?"

"ऱ्हाऊ दे," सयाजीराव म्हणाले आणि उठले. शेवटचे दोन शुभेच्छुक तसेच राहिले.

ते साडेतीनला घरी पोहोचले. फ्रीजवरचं माहितीपत्रक नव्हतं. तेजस्वी टेबलावर दुसऱ्याच कॉलेजचा अर्ज भरत होती.

"ह्ये काय?"

"बी. कॉम. करते, पप्पा."

"का गं?"

"भ्या वाटतंय मला." तिनं पेन खाली ठेवलं. "तुम्ही धड जेवत न्हाईसा, दारोदार हिंडतासा. तुमाला एवढं भ्या वाटतंय, म्हंजे कायतरी असंलच की. तुम्ही कधी उगंच घाबरत न्हाईसा."

सयाजीराव आयुष्यभर उगंचच घाबरत आले होते, आणि लेकीला ते अठरा वर्षांत कळू दिलं नव्हतं, हे त्यांना त्या क्षणी कळलं. आत्ता सांगायचं तरी कसं? त्यांनी वर्षाराणींकडं पाहिलं. त्या भिंतीकडं पाहत होत्या.

"बी. कॉम. करून काय करणार?" त्यांनी विचारलं.

"म्हाईत न्हाय."

"म्हंजे त्येबी म्हाईत न्हाय आणि ह्येबी म्हाईत न्हाय. मग आवडतंय ते तरी कर की. ऊठ. गाडी काढतो."

चार चाळीसला ते कॉलेजच्या खिडकीशी होते. कारकुनानं घरातून आणलेली पहिल्या वर्षाची फी मोजून घेतली आणि पालकांचं हमीपत्र पुढं सरकवलं. त्यावर लिहिलं होतं: 'अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर संस्था नोकरीची कोणतीही हमी देत नाही, याची मला पूर्ण जाणीव असून ते मला मान्य आहे.' सयाजीरावांची आठ दिवसांची भीती कुणीतरी स्वच्छ टाइप करून ठेवली होती.

"पप्पा, वाचलासा न्हवं?" तेजस्वीनं हळूच विचारलं.

"वाचलं."

"मग?"

"संस्था हमी देत न्हाय म्हनं. देऊ दे न्हायतर ऱ्हाऊ दे. घरात दोन वर्सं मागून खाल्लंस, तरी कोण हाकलत न्हाय तुला."

त्यांनी सही केली. कारकुनानं ती ओळखपत्राशेजारी धरली, चष्मा वर-खाली केला आणि कागद परत केला. "हात थरथरलाय, सही जुळत न्हाय. नवीन घ्या." दुसरीही जुळली नाही. कारकुनानं घड्याळाकडं पाहिलं आणि तिसरा कागद दिला. जी गोष्ट मान्य करायला सयाजीरावांना आठ दिवस पुरले नव्हते, ती त्यांनी दहा मिनिटांत तीन वेळा मान्य केली. तिसऱ्यांदा सही जुळली.