एका डोक्याला दोन लिटर

सुट्टीच्या दिवशी सकाळी आप्पा आपल्या सलूनच्या दाराला आतून कडी लावत, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत स्वतः बसत आणि मोबाइल आरशाला टेकवून ठेवत. मोबाइलमध्ये एका चौकोनात धाकटा भाऊ दिसे, दुसऱ्यात मेहुणा. भाऊ दूरच्या एका वाळवंटी देशात लोकांचे केस कापायचा. मेहुणा बर्फाच्या एका देशात बस दुरुस्त करायचा. सलूनच्या मागच्या दोन खोल्यांत घर होतं, त्यामुळे आप्पांची बायको, म्हणजे सगळ्यांच्या काकू, याही चहाचा कप घेऊन मागे येऊन उभ्या राहत.

"दादा, नवीन गाडी कशी आहे?" भावाने विचारलं.

"नवीन कसली! माझ्या हातात येईपर्यंत तिनं तीन मालक पाहिलेत. पण उभी छान राहते."

"आणि चालते कशी?"

"ते अजून नीट बघितलं नाही. पेट्रोलचा भाव बघितला की बसच बरी वाटते."

मागून काकू म्हणाल्या, "पुढच्या सुट्टीला मात्र बस नाही हं. अक्काला शब्द दिलाय."

अक्का म्हणजे काकूंची मोठी बहीण. शेजारच्याच शहरात राहायची. दर वर्षी आप्पा आणि काकू बसने तिच्याकडे जात, स्टँडपासून पायी चालत, आणि घामाघूम होऊन दारात पोचले की अक्का म्हणे, "अगं बाई, चालत आलात? आधी कळवायचं नाही का, आमची गाडी पाठवली असती." आधी कळवूनही ती गाडी कधी आली नव्हती. या वर्षी काकूंची एकच इच्छा होती. अक्काच्या दारात स्वतःच्या गाडीतून उतरायचं. एकदाच. मग गाडी विकली तरी चालेल.

"त्यात काय दादा?" भाऊ म्हणाला. "मी एक डोकं कापलं की गाडीची अर्धी टाकी भरते."

आप्पा खुर्चीतून पुढे सरकले. "एका डोक्यात अर्धी टाकी?"

"हो. दाढी धरली तर जास्तच. घरात दोन गाड्या आहेत. एक मी चालवतो, दुसरी बायको ठोकते."

"आमच्याकडे तसं नाही हो भावोजी," दुसऱ्या चौकोनातून मेहुणा म्हणाला. "इथं पेट्रोल महागडं. सगळे सायकलवर. आमचे मोठे साहेबसुद्धा गळ्यातला टाय खांद्यावर टाकून सायकल मारत येतात."

आप्पांना बरं वाटलं. "म्हणजे तुझे हाल आमच्यासारखेच!"

"पेट्रोलचं सोडा, कटिंगचं विचारा. एका कटिंगच्या पैशात इथं दहा-बारा लिटर पेट्रोल येतं. म्हणून तर मी घरीच कापतो." असं म्हणून मेहुण्याने मान वळवून मागची बाजू दाखवली.

आप्पांनी डोळे मिटून घेतले. "कशानं कापलेस रे?"

"स्वयंपाकघरातल्या कात्रीनं."

बोलणं संपलं, मोबाइल काळा झाला, तरी आप्पांनी डोळे उघडले नाहीत. काकूंना वाटलं, मेहुण्याचं डोकं पाहून धक्का बसला. पण आप्पा हिशेब करत होते. भावाच्या देशात पेट्रोल स्वस्त, तिथे एका डोक्यात अर्धी टाकी. मेहुण्याच्या देशात पेट्रोल महाग, तरी एका डोक्यात दहा-बारा लिटर. आणि इथे एका डोक्यात एक लिटरही धड येत नाही.

"अगं," ते एकदम उठून म्हणाले, "पेट्रोल महाग नाहीच मुळी. माझी कटिंग स्वस्त आहे!"

"मग वाढवा की भाव."

"पैशात वाढवला तर लोक भांडतील. शिवाय पेट्रोल रोज वर-खाली होतं, माझा भाव कुठं कुठं धावणार त्याच्यामागं? त्यापेक्षा लिटरमध्येच घेतो. टाकी पण भरेल आणि तुझी अक्का पण बघेल."

दुसऱ्या दिवशी दारावर पाटी लागली. 'कटिंग दोन लिटर. दाढी अर्धा लिटर. सर्व देशांचा विचार करून.'

पहिले आले ते पेन्शनर आजोबा. ते रोजच येत, बहुतेक वेळा वर्तमानपत्र वाचायला. त्यांनी पाटी दोनदा वाचली.

"आप्पा, माझ्या दोन कानांवर दोन झुपके आहेत फक्त. त्याचे दोन लिटर?"

"एका झुपक्याला एक, आजोबा."

"आणि मधलं मैदान?"

"ते फुकट पुसून देतो."

"अरे, पण माझ्याकडे गाडीच नाही! गाडी नसलेल्यानं काय जटा वाढवायच्या?"

"तुमच्या जावयाची स्कूटर आहे की."

आजोबा विचारात पडले. संध्याकाळी ते कोल्ड्रिंकची एक बाटली छातीशी धरून आले. "एकच लिटर निघालं. दुसऱ्या झुपक्याचं नंतर बघू." मग हळूच म्हणाले, "जावई आता बसनं जातोय. स्कूटरला काय झालं कळेना म्हणतो."

आप्पांना भीती होती की गिऱ्हाईक तुटेल. झालं उलटंच. लोकांना मजा वाटली. सुट्ट्या पैशांची कटकट गेली. ज्यांना ऑफिसच्या पेट्रोलवर गाड्या मिळत होत्या ते तर पहिल्यापेक्षा लवकर लवकर केस कापून घ्यायला लागले. एकाने तीन दिवसांत दोनदा दाढी केली. एक ट्रकवाला मोठी बाटली घेऊन आला, ती त्याने स्वतःच फळीवर नेऊन ठेवली आणि फेस लावून निवांत डोळे मिटले.

आरशाखालच्या फळीवर बाटल्यांची रांग लागली. तिथेच केस भिजवायच्या पाण्याच्या बाटल्याही असत, अगदी तशाच. काकू नाकाला पदर लावून म्हणाल्या, "अहो, घरभर वास सुटलाय. गाडीत ओता ना ते."

"टाकीत गेलं की दिसत नाही गं. फळीवर कसं डोळ्यांना दिसतं. निघायच्या आदल्या दिवशी ओतू एकदम."

तो आदला दिवस उजाडला. खुर्चीत पेन्शनर आजोबा होते, दुसऱ्या झुपक्यासाठी. फवाऱ्यातलं पाणी संपलं म्हणून आप्पांनी फळीवरची बाटली घेतली, फवारा भरला आणि आजोबांच्या डोक्यावर चांगला चहूबाजूंनी मारला.

"वा!" आजोबा म्हणाले. "आज काय लावलंस रे? गार गार वाटतंय. अगदी मेंदूपर्यंत पोचलं."

"नेहमीचंच पाणी आहे."

"मग डोळे का चुरचुरतायत?"

आप्पांनी फवारा नाकाशी नेला आणि त्यांचा हात तिथेच राहिला. नेमका त्याच वेळी शेजारचा इस्त्रीवाला सलूनचे धुतलेले टॉवेल द्यायला आला. त्याने दारातच नाक वर केलं. आधी फवाऱ्याकडे पाहिलं, मग आजोबांच्या चमकणाऱ्या टकलाकडे, मग फळीकडे.

"आप्पा, माझ्या दुकानात कोळशाची इस्त्री पेटलेली आहे," तो अगदी हळू आवाजात म्हणाला, जणू जोरात बोललं तर भडका उडेल. "आजोबा, तुम्ही हलू नका. आणि माझ्या दुकानासमोरून तर मुळीच जाऊ नका."

"मग घरी कसा जाऊ?"

"आधी डोकं धुवा! घरी जायचं नंतर बघू."

आजोबांचं डोकं तीनदा साबणाने धुतलं. काकूंनी वर शिकेकाई लावली. आजोबा म्हणाले, इतके लाड लग्नातसुद्धा झाले नव्हते. पण इस्त्रीवाला जागचा हलेना.

"ही फळी आत्ताच्या आत्ता रिकामी करा."

"संध्याकाळी करतो रे. गिऱ्हाईक..."

"संध्याकाळपर्यंत राहिलो तर कराल ना! माझी पण बायकामुलं आहेत, आप्पा. आणि लोकांचे कपडे आहेत."

मग घाई उडाली. काकू फळीवरून बाटल्या काढून देत, आजोबा त्या दारापर्यंत पोचवत, इस्त्रीवाला वर्तमानपत्राची सुरळी गाडीच्या टाकीत धरून उभा, आणि आप्पा ओतत. कुणी कुणाला विचारायला थांबत नव्हतं.

"हे जरा जाड दिसतंय हो," मोठ्या बाटलीकडे बघत इस्त्रीवाला म्हणाला.

"सकस असेल. तू सुरळी धर," ओतता ओतता आप्पा म्हणाले.

"आणि याला तर वासच नाही."

"म्हणजे एकदम शुद्ध! धर, धर."

फळी स्वच्छ झाली. रात्री काकूंनी ठेवणीतले कपडे काढून ठेवले आणि आरशासमोर एकट्याच दोनदा गाडीतून उतरून पाहिलं.

सकाळी दोघं बाहेर आले तर गाडीच्या मागच्या सीटवर पेन्शनर आजोबा बसलेले. केस नीट विंचरलेले, दोन्ही झुपके.

"आजोबा, तुम्ही कुठं?"

"आत माझं लिटर आहे. ते जिथं जाईल तिथं मी जाणार. डोक्यावर मारलंस ते वेगळं."

त्यांच्या शेजारी इस्त्रीवालाही होता. "मी सुरळी धरली होती," तो म्हणाला. एवढं कारण त्याला पुरेसं वाटत होतं. आप्पांनी काकूंकडे बघितलं. काकूंना आज कुणाशी वाद घालायचा नव्हता. त्या पुढे बसल्या, पाठ ताठ, हात मांडीवर.

गाडी निघाली ती पहिल्याच फटक्यात. गल्ली ओलांडली, मोठा रस्ता आला, झाडं मागे जाऊ लागली. काकू प्रत्येक बस स्टॉपवर उभ्या असलेल्या माणसांकडे दयेने बघत होत्या. मागे आजोबा इस्त्रीवाल्याला सांगत होते, कुठल्या देशात घरटी किती गाड्या असतात. "काही देशांत तर माणसं दूध आणायला गाडीनं जातात."

"आणि इस्त्रीला?"

"तिकडं कपडे चुरगळलेलेच घालतात."

"मग काय उपयोग त्या गाड्यांचा!"

शहर जवळ आलं तसा गाडीला खोकला लागला. आधी लहानसा, घसा साफ केल्यासारखा. मग ती हिसके देऊ लागली. मागून पांढरा धूर निघाला.

"अहो, हे काय?"

"थकली असेल. सवय नाही तिला."

अक्काच्या रस्त्याला गाडी वळली, एकदा थरथरली आणि गप्प झाली. आप्पांनी चावी फिरवली, थोपटली, गयावया केली. गाडी हू की चू करेना. इस्त्रीवाला उतरला, टाकीचं झाकण काढून वास घेतला. "ट्रकवाल्यानं काय दिलं होतं हो तुम्हाला?"

आप्पांनी कपाळाला हात लावला. "डिझेल!" मग थोड्या वेळानं त्यांना दुसरी गोष्टही आठवली. "आणि ते शुद्धवालं... ते पाणी होतं."

रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला अक्काचं घर दिसत होतं. हिरवं फाटक, वर गॅलरी.

"एवढंच तर राहिलंय," आप्पा पडेल आवाजात म्हणाले. "चल, चालत जाऊ."

काकू हलल्या नाहीत. त्यांनी समोरच्या काचेतून फाटकाकडे पाहिलं आणि डोळे भरून आले तरी मान खाली घातली नाही. "इतकी वर्षं चालतच गेले. आज मी अक्काच्या दारात उतरणार. तोवर इथंच बसून राहीन. तुम्ही या जाऊन."

आप्पांनी बायकोकडे पाहिलं. मग बाह्या वर केल्या.

"इकडं सरक. स्टेअरिंगचं चाक हातात घे आणि सरळ धर. बाकी काही करू नकोस."

तिघे गाडीच्या मागे गेले. इस्त्रीवाल्याच्या दंडात जोर होता. आप्पांनी खांदा लावला. आजोबांनी पाठ लावली आणि उलटे चालत ढकलू लागले. "लिटर माझं, आणि ढकलतोय पण मीच," ते धापा टाकत म्हणाले. गाडी हलली. काकू चाक असं धरून बसल्या होत्या, जणू जन्मभर गाडीच चालवत आल्या. ती आवाज न करता, डुलत, मोठ्या रुबाबात रस्त्यावरून पुढे सरकत गेली. फाटकासमोर आल्यावर काकूंनी लांबलचक हॉर्न वाजवला.

आप्पांनी पुढे धावत जाऊन खिडकीतून हात घालून हँडब्रेक ओढला आणि पुन्हा मागे जाऊन वाकले. अक्का लगबगीने फाटकाबाहेर आली. तिचं तोंड नेहमीचं वाक्य बोलायला उघडलं होतं. पण समोर गाडी आणि चाकामागे धाकटी बहीण बघून ते तसंच उघडं राहिलं.

"तू चालवत आलीस?"

"हो गं. इथपर्यंत मीच आणली," काकू म्हणाल्या आणि दार उघडून सावकाश उतरल्या. एक पाय, मग दुसरा, मग साडीच्या निऱ्या. आदल्या रात्री आरशासमोर केलं होतं त्याहून छान झालं.

अक्का गाडीभोवती अर्धी चक्कर मारून थांबली. तिचा आवाज कधी नव्हे तो खाली आला. "आम्ही विकली गं आमची. मागच्याच महिन्यात. पेट्रोल परवडेना. आता हे स्टँडपर्यंत चालत जातात." तिने बहिणीचा हात धरला. "तुम्हाला कसं परवडतं, खरं सांग?"

काकूंनी गाडीच्या मागे नजर टाकली. आप्पा डिकीवर डोकं टेकून श्वास घेत होते. इस्त्रीवाला गुडघ्यांवर हात ठेवून उभा होता. आजोबा तर रस्त्यावरच बसले होते.

"आम्ही पेट्रोल वापरतच नाही, अक्का."

"मग कशावर चालते?"

"घरच्या माणसांवर," काकू म्हणाल्या, आणि पुढे होऊन फाटकातून आत गेल्या. मागे वळून आप्पांना म्हणाल्या, "या हो आत. जाताना चढ आहे, आधी पोटभर जेवून घ्या."