व्यंकोबरावांची चुकलेली पुडी

व्यंकोबराव कुणाच्याही घरी गेले की आधी आंघोळीची चौकशी करत. आपण "या, बसा" म्हणायच्या आत त्यांचा प्रश्न यायचा, "आज पहिली आंघोळ किती वाजता झाली? किती तांबे?" नव्या सुना लाजून आत पळत. एकदा ते एका मुलगी बघण्याच्या कार्यक्रमाला वडीलधारे म्हणून गेले आणि मुलीच्या वडिलांना म्हणाले, "बाकी सगळं सरी, ठीक आहे हो. तुमच्यात शेवटची आंघोळ कोण करतं?" लग्न जमलं, पण लग्नाचं बोलावणं काही व्यंकोबरावांना आलं नाही. वर्षाच्या आत त्याच घरातून त्यांच्या दारात रिक्षा उभी राहिली. न्हाणी गळत होती.

म्हैसूरच्या अग्रहार भागात त्यांचं हातभर रुंदीचं दुकान होतं. घराणं रंगाऱ्यांचं. पिढ्यान् पिढ्या साड्या, पागोटी रंगवलेली. गिरणीचं कापड आलं तशा रंगाच्या कढया थंड पडल्या, आणि व्यंकोबरावांच्या वाट्याला रंगांच्या पुड्या विकणं तेवढं उरलं. पण त्या पुड्यांतून त्यांनी एक नवी विद्या काढली होती. घरात गळती असली की गवंडी आधी पहार उचलतो. व्यंकोबराव पुडी सोडत. बेसिनमध्ये एक रंग, मोरीत दुसरा, आणि मग खाली पांढरं फडकं अंथरून वाट बघत बसायचं. फडक्यावर जो रंग पडेल तो गुन्हेगार.

"पाणी सुम्ने येत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सुम्ने म्हणजे उगीच. आमच्या मराठीत असे कानडी शब्द इतके मुरलेत की ते काढले तर बोलणंच पांगळं होईल. "ते कुठून तरी निघतं, कुठे तरी थांबतं, आणि मग येतं. स्वल्प थांबा. विचारा त्याला."

रंगाच्या बाबतीत त्यांचा गर्व मात्र भारी होता. "डोळे बांधा माझे. पुडी नाकाशी धरा. रंग सांगतो की नाही ते नोडी, बघाच!" गल्लीतल्या पोरांनी एका गणपतीत खरंच डोळे बांधले होते. सातच्या सात पुड्या त्यांनी बरोबर सांगितल्या आणि आठवी हातात घेऊन म्हणाले, "हे बेसन आहे, गाढवांनो."

मागच्या महिन्यात माझी आई गेली. व्यंकोबरावांना जाऊन तर कितीतरी वर्षं झाली. म्हणून आता आमच्या न्हाणीची गोष्ट लिहायला हरकत नाही.

तेव्हा मी शाळेत इतिहास शिकवायला नुकताच लागलो होतो. बाबांना जाऊन तीन महिने झाले होते. घर जुनं, दोन मजली, दोन मजल्यांमधलं छत विटा आणि चुन्याचं. वर मी आणि आई. खाली बाबांची थोरली बहीण, आमची आत्या. ती तिशीतच विधवा झालेली, आणि विधवेनं कसं राहावं याचे सगळे नियम तिला तोंडपाठ होते. कारण ते तिनं पाळले होते. आता ते आईनं पाळायचे होते. काय नेसायचं, कुठे बसायचं, शुक्रवारी दारात सुवासिनी आल्या की कुठल्या खोलीत जायचं. घरात सारखी माणसांची ये-जा. वरच्या मजल्यावरच्या न्हाणीचं दार तेवढं असं होतं, की कडी लावली तर कुणी ठोठावत नसे. आई हल्ली आंघोळीला फार वेळ लावायची.

आणि नेमकी तीच न्हाणी गळू लागली. खाली आत्याचं देवघर होतं. एका सकाळी थेंब थेट विठोबाच्या डोक्यावर पडला.

"न्हाणीचं पाणी देवावर!" आत्यानं घर डोक्यावर घेतलं. गवंडी येऊन गेला. म्हणाला, सगळी फरशी उखडावी लागेल, तरी खात्री नाही. आत्यानं तिथल्या तिथे निकाल दिला. "बेडा, नकोच ते उखडणं. कुलूप घाला न्हाणीला. वैनी खाली येईल, माझ्या खोलीत निजेल. आंघोळ मागच्या पडवीत, माझ्या पाठोपाठ."

पडवीला दार नव्हतं. आईनं माझ्याकडे एकदाच बघितलं. मी तसाच अग्रहारात गेलो आणि व्यंकोबरावांना घेऊन आलो.

त्यांनी दारातच विचारलं, "पहिली आंघोळ?"

"सहाला," मी म्हणालो. "आईची."

"थेंब?"

"आठला," आत्या म्हणाली. "माझ्या पूजेच्या वेळेला, मेला!"

"दोन तास. सावकाश येतंय. सभ्य पाणी आहे, अक्का."

"माझ्या विठोबाला सभ्यपणा शिकवू नकोस, व्यंकोबा."

देव कोनाड्यात हलवले गेले. जिथे थेंब पडायचा तिथे पांढरं फडकं आलं. बुधवारी बेसिनमध्ये निळा रंग गेला. गुरुवारपर्यंत फडक्यावर निळ्याचा मागमूस नाही. "बेसिन निर्दोष," व्यंकोबरावांनी जाहीर केलं. "उद्या मोरीला हिरवा."

शुक्रवारी ते आठच्या सुमारास आले. मी त्यांच्याबरोबर वर गेलो. आईची आंघोळ होऊन बराच वेळ झाला होता. ती आपल्या खोलीत होती. व्यंकोबरावांनी मोरीशी उकिडवं बसून पुडी सोडली, तांब्याभर पाण्यात कालवली आणि जाळीवर ओतली. गर्द हिरवं पाणी गुळगुळ करत खाली गेलं. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मग ते जाळीच्या कडेला काहीतरी बघत राहिले. बोटानं दगड पुसून त्यांनी ते बोट नाकाशी नेलं.

तेवढ्यात खालून आत्याची हाक आली. "आला! आला रे! लाल आला!"

आम्ही खाली धावलो. फडक्यावर दोन थेंब होते. तिसरा आमच्या समोर पडला. हिरवा नाही. तांबडा. कुंकवासारखा.

क्षणभर आत्याचे हात जोडले गेले. मग ती रंगाऱ्यांच्या शेजारात जन्म काढलेली बाई खाली वाकली, तिनं एक थेंब बोटावर घेतला, चोळला. तिचा चेहरा हळूहळू बदलला. हळदीला चुना लागला की ती लाल होते. कुंकू असंच करतात. आणि आमच्या त्या मधल्या छतात विटांइतकाच चुना होता.

"आज शुक्रवार," आत्या म्हणाली. ती वर बघत होती. "वर कोण हळद..."

जिन्याच्या वरच्या पायरीवर आई उभी होती. तिनं कठडा घट्ट धरला होता. तीस वर्षं दर शुक्रवारी ती हळद लावून न्हायची. बाबा गेले त्या दिवशी ते संपलं, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

"अय्यो!" व्यंकोबराव मोठ्यानं ओरडले आणि त्यांनी कपाळावर हात मारला. "पुडी चुकली! हिरवी म्हणून लाल टाकली की मी!"

आत्या गर्रकन वळली. "तू? लाल आणि हिरवा कळला नाही तुला?"

"वय झालं, अक्का."

"आत्ता टाकलास आणि आत्ता खाली आला? दोन तास लागतात म्हणालास ना?"

"आज पाण्याला घाई होती," व्यंकोबराव म्हणाले, आणि फडकं गुंडाळून बगलेत मारलं.

आत्या त्यांच्याकडे बघत राहिली. तिला पटलं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. पण हाताशी आलेली थट्टा सोडणं तिच्या स्वभावात नव्हतं. "रंगाऱ्याचा पोर! बैल तरी बरा रे, व्यंकोबा, त्याला लाल दिसतो!" संध्याकाळपर्यंत ही बातमी अख्ख्या गल्लीत झाली. पुढे त्यांच्या दुकानात गिऱ्हाईक पुडी उजेडात धरून विचारायचं, "हा निळाच ना हो? नक्की?" हे त्यांना मरेपर्यंत ऐकावं लागलं. डोळे बांधायची पैज त्यांनी पुन्हा कधी लावली नाही.

त्या दिवशी मात्र ते तडक वर गेले, जाळीत चिंधी कोंबली आणि एकच दगड उचलला. मोरीचं तोंड जिथे मातीच्या पाइपला मिळत होतं तिथला सांधा फुटला होता. तिथे साचलेलं हिरवं पाणी खाली मुरायच्या आत त्यांनी फडक्यानं टिपून घेतलं. हात घालायला जेमतेम जागा. ते ताग पिळून सांध्यात ठोकून बसवू लागले आणि मी त्यांना सिमेंट कालवून देऊ लागलो.

"काका," मी हळूच म्हणालो, "पुडी हिरवीच होती."

"तू इतिहास शिकवतोस ना? मग रंगात कशाला पडतोस?"

थोडा वेळ ते ठोकत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझी एक धाकटी बहीण होती. चंद्रा. एकोणिसाव्या वर्षी परत आली घरी, कपाळ पुसून. घरभर रंग की रे. इथे केशरी कढई, तिथे जांभळी. दिवसभर दुसऱ्यांच्या साड्या रंगवायची. आणि संध्याकाळी आमची आई तिचे हात चिंचेनं घासून घ्यायची. रंग राहिलेला दिसू नये म्हणून."

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"मी चिंच आणून द्यायचो," ते म्हणाले. "सिमेंट घट्ट कर स्वल्प."

दुपारी दगड जागेवर बसला. दोन दिवस पाणी घालायचं नाही असं बजावून ते गेले आणि रविवारी पुन्हा आले. घागरीमागून घागर ओतली. मी खाली, आत्या खाली, दोघं माना वर करून उभे. छत कोरडं ठणठणीत. आत्या देव जागेवर ठेवायला लागली. कुलपाचा विषय पुन्हा निघाला नाही.

मी वर गेलो तेव्हा व्यंकोबराव न्हाणीच्या उंबऱ्यावर हात पुसत उभे होते. आई कॉफी घेऊन आली होती. एरवी इतक्या मोठ्यानं बोलणारा माणूस त्या दिवशी अगदी हळू बोलला.

"झालं, वैनी. आता वर काहीही ओता. खाली दिसायचं नाही."

आईनं कॉफीचा लोटा पुढे केला. तिची मान खाली होती.

"काहीही?" तिनं विचारलं.

"काहीही," व्यंकोबराव म्हणाले, आणि उभ्या उभ्याच कॉफी पिऊ लागले.