एक नळ आणि जगाचं सरकार

चांगदेव मास्तरांनी साऱ्या जगाला एकच सरकार द्यायचं ठरवलं, तेव्हा टेमघरच्या त्यांच्या चाळीत सहा घरं होती आणि नळ एक होता.

ते शहाऐंशी साल होतं. संयुक्त राष्ट्रांनी ते शांतता वर्ष म्हणून जाहीर केलं होतं, आणि धामणकर नाक्याजवळच्या वाचनालयाने त्यानिमित्त वादविवाद ठेवला होता. विषय, ‘विश्वशांतीसाठी जगाचे एकच सरकार असावे.’ मास्तर शाळेत नागरिकशास्त्र शिकवत. अनुकूल बाजू त्यांच्याकडे आली आणि पंधरा दिवस ते ओटीवर फेऱ्या मारत मोठ्याने तयारी करू लागले.

“जोवर प्रत्येक राष्ट्राच्या हाती शस्त्र आहे, तोवर शांतता नाही! शस्त्रे एका हाती द्या!”

समोर नळावर त्याच वेळी शेजारच्या जानकीबाईंनी कुणाचा तरी पाइप ओढून बाजूला फेकला. कुणाचा म्हणजे खदीजाचाच. दोन वर्षांपूर्वी याच कारणावरून दोघींचं बोलणं बंद झालं होतं. तेव्हापासून जे काही एकमेकींना ऐकवायचं, ते दोघी मास्तरांच्या बायकोला, कमळला सांगत.

“कमळ, सांग त्या बाईला, माझा ड्रम अर्धा है,” खदीजा म्हणाली.

“कमळ, तिला बोल, माजा तं अजून चालूच न्हाय झाला.”

रिक्षावाला तुळशीराम दात घासत हे ऐकत होता. तो म्हणाला, “मास्तर, जगाचं राहू द्या. आधी हा नळ घ्या तुमच्या सरकारात.”

तो थट्टेत बोलला होता. मास्तरांनी ते मनावर घेतलं.

त्याच रविवारी त्यांनी सहाही घरांची सभा बोलावली. प्रत्येकाने आपापला पाइप सरकारजमा करावा, पाणी ठरल्या वेळी मिळेल, भांडण उरणार नाही, असं त्यांनी तासभर समजावलं. लोक कंटाळून हो म्हणाले. मास्तरांनी लूमच्या कारखान्यातल्या एका वेल्डरकडून लोखंडी पिंजरा बनवून घेतला, तो नळावर बसवला आणि त्याला मोठं कुलूप ठोकलं. चावी एकच, मास्तरांच्या खिशात.

पहिले दोन दिवस झकास गेले. सहा वाजता मास्तर कुलूप काढत, शिट्टी वाजवत, दर घराला दहा मिनिटं. तिसऱ्या दिवशी तुळशीरामला लवकर ड्युटीवर जायचं होतं, म्हणून त्याने जानकीबाईंशी नंबर बदलला. मास्तरांनी दोघांनाही थांबवलं.

“अर्ज केला होता का?”

“कसला अर्ज? आमचं आपसात ठरलंय.”

“आपसात ठरवायचं, तर सरकार कशाला?”

या वादात दोघांचीही दहा-दहा मिनिटं वाहून गेली. आठवड्याच्या शेवटी अर्जांची वही झाली, तक्रारींची वेगळी वही झाली, आणि नळावर कुणी एकमेकांशी भांडेनासं झालं. सगळे मास्तरांशी भांडू लागले. मास्तरांनी मात्र भाषणात एक वाक्य वाढवलं, ‘सुरुवातीला जनता कुरकुर करील.’

वादविवादाच्या रविवारी सकाळी नळाला पाणीच आलं नाही. कुठेतरी लाइन फुटली होती. आणि नेमकं त्याच दिवशी खदीजाच्या मुलीला, अतियाला बघायला पडघ्याहून पाहुणे यायचे होते. सकाळच्या रांधण्यातच तिचा ड्रम तळाला गेला, आणि दुपारपर्यंत बाकीच्या घरांतही थेंब उरला नाही.

चार वाजता मास्तर इस्त्रीचा सदरा घालून निघाले.

“चावी ठेवून जा,” कमळ म्हणाली. “मधेच पाणी आलं तर?”

“सत्ता अशी कुणाच्याही हाती देता येत नाही.”

“मी कुणीही आहे होय?”

मास्तरांना रिक्षा दिसली. ते धावत जाऊन तिच्यात बसले.

पावणेपाचला पाहुणे आले, आणि पाचला पिंजऱ्यातल्या नळातून खळखळून पाणी सुरू झालं. सकाळी उघडीच राहिलेली तोटी आतून नुसतीच सुसाट वाहत होती आणि बाहेरून हात पोचत नव्हता. तुळशीरामने दगडाने कुलूप ठोकून पाहिलं. वेल्डरने काम चोख केलं होतं. पाहुण्यांपुढे पोह्याच्या बश्या गेल्या होत्या. चहा तर सोडाच, साधं प्यायचं पाणी नव्हतं. खदीजा मागच्या दारात रिकामा हंडा घेऊन उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

जानकीबाईंनी ते पाहिलं. अतिया लहानपणी त्यांच्याच मांडीवर भाकरीचा तुकडा चघळत बसायची. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या कमळला मध्ये न घालता बोलल्या.

“रडतंस काय? चल. तुझा नवरा बसंल पावन्यांशी.”

“कुठे?”

“सरकारकडं.”

वाचनालयात मास्तर रंगात आले होते. कल्याणहून येणारे विरोधी वक्ते एसटी चुकल्यामुळे पोचलेच नव्हते, त्यामुळे रान मोकळं होतं. “शस्त्रे एका हाती द्या,” ते गरजले, “आणि बघा, शेजारी शेजाऱ्याचा मित्र होतो की नाही!”

तेवढ्यात दोघी मधल्या वाटेने थेट व्यासपीठापर्यंत आल्या.

“मास्तर, चावी द्या.”

“प्रश्न शेवटी घेऊ,” मास्तर कुजबुजले.

“शेवटी? पानी जाईल ना!”

सभेत खसखस पिकली. अध्यक्ष फखरुद्दीन वकील खुर्चीत पुढे सरसावले. “विरोधी बाजू रिकामीच आहे. बाईंना बोलू द्या.”

खदीजाने पदर सावरला. “साब, हमारे चाल में एक नल. पानी चालू है, ताला बंद है, चावी इनके जेब में. पाव्हणे प्यासे बैठे हैं. बस.”

“येकच इचारते,” जानकीबाई म्हणाल्या. “सगल्या दुनियेचं सरकार येका मानसाच्या खिशात गेलं, आन् त्यो मानूस भाषन कराला गेला, तं दुनियेनं काय करावं?”

टाळ्या इतक्या पडल्या की मास्तरांचं पुढचं वाक्य कुणाला ऐकूच आलं नाही. त्यांनी निमूटपणे चावी काढून दिली. वकीलसाहेबांनी निकालाच्या कागदावर विरोधी बाजूपुढे ‘दोन महिला, टेमघर’ असं लिहिलं आणि पहिला क्रमांक तिथेच देऊन टाकला.

मास्तर अंधार पडता पडता घरी आले. पिंजरा उघडा होता, सहाही घरांचे ड्रम काठोकाठ भरले होते आणि सरकारजमा झालेले पाइप पुन्हा बाहेर येऊन एकमेकांत गुंतून पडले होते. खदीजाच्या घरात चहाचे कप वाजत होते. जानकीबाई पाहुण्यांत मावशी बनून बसल्या होत्या. सोयरीक ठरली होती. लोकांनी मास्तरांनाही आत ओढलं.

मुलाचे आजोबा म्हणाले, “हेच का ते शांततेवर बोलणारे? मास्तर, आमच्याकडे दोन भावांत शेताच्या बांधावरून दहा वर्षं वैर आहे. येता का पडघ्याला मिटवायला?”

मास्तरांचा चेहरा उजळला. त्यांनी घसा साफ केला. “त्यासाठी आधी एक संयुक्त मंडळ...”

“त्यांना वेळ नाही,” कमळ दारातून म्हणाली. “या दोघींना पाठवते.”

पुढच्या रविवारी जानकीबाई आणि खदीजा खरोखरच एसटीने पडघ्याला गेल्या. मास्तर संध्याकाळपर्यंत ओटीवर येरझाऱ्या घालत होते. दोघी उतरताच ते वही घेऊन पुढे झाले.

“मिटलं?”

“मिटलं की. दोगांच्या बायकांना समोरासमोर बशिवलं.”

“पण तत्त्व काय ठरलं? कलमं किती? अंमलबजावणी कोण करणार?”

जानकीबाईंनी खदीजाकडे पाहिलं. खदीजाने खांदे उडवले.

“त्ये इचारायचं राह्यलंच मास्तर,” जानकीबाई म्हणाल्या. “पन जेवान बेस व्हतं.”