सासऱ्यांच्या पेशींना आधी कळलं

"निरोगी माणूस आणायचं माझ्याकडे लागलं," असं मी आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना छातीठोकपणे सांगितलं. प्रयोग सरळ होता. रक्तातल्या पांढऱ्या पेशी घ्यायच्या, अर्ध्यांवर फ्लूचा विषाणू सोडायचा, अर्ध्या तशाच ठेवायच्या आणि विषाणू शिरल्यावर कोणती जनुकं कामाला लागतात ते बघायचं. ठणठणीत माणूस माझ्या घरातच होता. माझे सासरे! पोहण्याचे निवृत्त शिक्षक, सासूबाईंसह आठवडाभर राहायला आलेले. आपल्याला कधी साधी शिंक येत नाही, हे ते रोज चहाबरोबर ऐकवत. रक्त देताना त्यांनी नर्सबाईंना दंडसुद्धा फुगवून दाखवला.

दुसऱ्या दिवशी निकाल आला. विषाणू सोडलेल्या पेशींतली लढाऊ जनुकं जोरात सुरू होती. पण ज्या पेशींना मी हातही लावला नव्हता, त्यांतही तीच जनुकं दंड थोपटून उभी!

"दोन्हीकडे विषाणू घातलास," मॅडम म्हणाल्या.

"शपथ, नाही घातला."

"मग तुझा निरोगी माणूस आजारी पडतोय. विचार त्यांना."

मी घरी येऊन विचारलं, "बाबा, बरं वाटतंय ना?"

"का? रक्तात काही निघालं?"

"विशेष नाही. जनुकं जरा बदललीत."

सासूबाईंच्या हातातला डाव खाली पडला. "बदलली? म्हणजे हे आता हे राहिले नाहीत?"

"बाबांना काय केलंस तू?" बायकोने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता भावाला फोन लावला.

मी घाईघाईने समजावलं, "जनुकं तीच आहेत. घरातले दिवे तेच, फक्त एरवी बंद असणारे काही लागलेत."

"कुणी लावले?" फोनमधून मेहुणा गरजला.

"विषाणूने."

"तुझ्याच प्रयोगशाळेतल्या ना?"

तो विषाणू बशीत सोडला होता, बाबांत नाही, हे सांगेपर्यंत माझा घसा बसला. सासरे मात्र वेगळ्याच कारणाने दुखावले होते. "जावईबापू, मला आजारी म्हणता?" असं म्हणून ते तडक जिना उतरले आणि धावत वर आले. आले ते हुडहुडी भरूनच. संध्याकाळी सणसणीत ताप. पेशींनी दिलेली वर्दी खरी निघाली होती, पण त्याचं कौतुक घरात कुणालाच नव्हतं. मी ताप आणला, एवढंच ठरलं.

मॅडमना फोनवर हे कळवलं, तर त्यांना मात्र आनंद मावेना. "ताप येण्याआधीचं रक्त आपल्याकडे आहे! आता बरे होईपर्यंतचं घेऊ, नंतरचंही घेऊ. त्यांना सोडू नकोस."

"अहो, पण ते रविवारी परत जाणार आहेत."

"विज्ञानासाठी मी थांबेन," सासरे पांघरुणातून म्हणाले. सासूबाईंनी तेवढ्यात शेजारणीला फोन करून झाडांना पाणी घालायला सांगितलंही.

आता मॅडमना तुलनेसाठी सासूबाईंचंही रक्त हवंय. त्या आजारी पडेपर्यंत दोघांनी इथेच राहायचं, असं मॅडम म्हणतात, आणि सासूबाईंची तब्येत, माझं दुर्दैव, अगदी ठणठणीत आहे.