दुखलं तर जाऊ

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मधुमेहाबद्दल मला कुणी शिकवायचं नाही! गेली कित्येक वर्षं तो आमच्याकडे मुक्काम ठोकून आहे. त्याचं रुसणं-फुगणं मला तोंडपाठ आहे. डॉक्टरांकडे कधी जायचं, याचा माझा नियमही अगदी सोपा. दुखलं तर जाऊ. नाही दुखलं, तर कशाला त्या माणसाचा वेळ खायचा?

बायकोला हा नियम पसंत नाही.

"अहो, रोज तळपाय बघत जा म्हणून डॉक्टरांनी बजावलंय ना?"

"पाय आहेत की पुढारी? रोज दर्शन कसलं घ्यायचं?"

यावर ती कपाळाला हात लावते आणि मी जिंकलो, असं मी समजतो.

मी शिंपी आहे. दुकान एका खोलीचं. दोन मशीन, इस्त्रीचं टेबल, कोपऱ्यात ट्रायलचा आरसा. एका मशीनवर मी, दुसऱ्यावर माझा मेहुणा. मेहुण्याचा हात चांगला, पण काळीज चिमणीचं. मी मशीन अनवाणीच चालवतो. पायात चप्पल असली की माझं आणि मशीनचं जमत नाही.

त्या दिवशी बँकेच्या मॅनेजरबाई कोटाच्या ट्रायलला आल्या होत्या. मी खांद्याला टाचण्या लावतोय, तेवढ्यात मेहुणा किंचाळला.

"भावोजी! रक्त!"

बघतो तर काय! पांढऱ्याशुभ्र अस्तराचा तागा जमिनीवर लोंबत होता आणि त्याच्या टोकाला लालभडक डाग! मला तर घामच फुटला. अस्तर गेलं ते गेलंच, पण कुणाला तरी लागलं होतं की हो!

"कुणाला लागलंय? खरं सांगा!" मी गरजलो.

"मला नाही," बाई म्हणाल्या.

"मला वाटतं मलाच," मेहुणा म्हणाला आणि मटकन खाली बसला.

त्याचे दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले, मोजे उतरवले. पाय मळके होते, पण शाबूत होते. मग मी डागांचा माग काढायला लागलो. इस्त्रीच्या टेबलाशी डाग. मी आरशाकडे गेलो, तर आरशापाशी डाग. दाराशी जाऊन मागे वळलो, तर दाराशीही डाग, तोही ओला! माझं मलाच कौतुक वाटलं. जिथे जावं तिथे ताजा पुरावा! पोलिसांत गेलो असतो तर आज कुठच्या कुठे असतो.

"भावोजी, वाढतायत हो डाग!" मेहुणा रडवेला झाला. "जो कुणी आहे, तो अजून इथेच फिरतोय!"

"गप रे! बाई, जरा सँडल दाखवता?"

बाईंनी पाऊल उचललं. सँडलचा तळ लाल! बाईंनी एकदा सँडलकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि टाचण्या लावलेल्या कोटासकट माझ्या अंगावर कोसळल्या.

"सापडलं!" मी ओरडलो. "अरे बघतोस काय? पाणी आण!"

पाणी मारल्यावर बाईंनी डोळे उघडले. "पण मला काहीच दुखत नाहीये हो," त्या पुटपुटल्या.

"दुखत नाही म्हणून काय झालं? रक्त दिसतंय ना! अंगावर काढू नये, बाई. शिकल्यासवरल्या तुम्ही, आणि असा हलगर्जीपणा?"

मी चपला पायात सरकवल्या. बाईंना एका बाजूने मी धरलं, दुसऱ्या बाजूने मेहुण्याने. खरं तर मेहुण्यालाच बाईंनी धरलं होतं. दवाखाना रस्त्यापलीकडेच. रांगेतल्या लोकांना "सरका, सरका, तातडीची केस आहे!" असं सांगत मी थेट आत घुसलो.

डॉक्टरांनी बाईंना झोपवलं, सँडल काढली, पाय पुसला. पाय असा, की जाहिरातीत द्यावा! एक ओरखडाही नाही. डॉक्टरांनी चक्रावून वर पाहिलं. मग दारापासून टेबलापर्यंतची फरशी पाहिली. मग मला पाहिलं.

"चप्पल काढा."

"माझी? केस त्यांची आहे, डॉक्टर."

"काढा म्हणतो ना!"

काढली. चप्पल आतून लालेलाल! डॉक्टरांनी मला खुर्चीत बसवून पाय वर घेतला आणि चिमट्याने अंगठ्याखालून काहीतरी हळूच ओढून काढलं. अर्धं ब्लेड!

"उसवायचं ब्लेड!" मेहुणा आनंदाने ओरडला. "सकाळपासून शोधतोय मी हे!"

आणि मग अर्थ ध्यानात येऊन तोही आडवा झाला. बाई उठून त्याला वारा घालू लागल्या.

मी त्या ब्लेडकडे बघतच राहिलो. एवढं पातं मांसात रुतून बसलंय, मी त्यावर उभा राहतोय, मशीन हाणतोय, रस्ता ओलांडतोय, आणि मला पत्ताच नाही! इतक्या वर्षांत या आजाराची मला पहिल्यांदाच खरीखुरी भीती वाटली.

डॉक्टरांनी जखम धुतली, इंजेक्शन दिलं, पट्टी बांधली. "नशीब, लगेच आलात. हे असंच चिघळलं असतं ना, तर पाय कापायची वेळ आली असती. पण दुखत नव्हतं, तर आलात कसे?"

"बाईंना चक्कर आली म्हणून," मी खालमानेने म्हणालो. मग बाईंनीच दुकानातला सगळा प्रकार सांगून टाकला.

एवढ्यात कुणीतरी निरोप दिल्यामुळे बायको धापा टाकत आली. माझी पट्टी आणि आडवा झालेला भाऊ पाहून आधी कुणासाठी रडावं, हे तिला कळेना. शेवटी तिने माझा हात धरला.

"आता डोळे मिटा," डॉक्टर म्हणाले. "मी पायाला बारीक टोचणार. लागलं की 'हो' म्हणायचं."

मी डोळे गच्च मिटले, दात आवळले. थांबलो. आणखी थांबलो. डॉक्टर काही मनावर घेईनात!

"डॉक्टर, करा की सुरुवात!"

मग बायकोचा आवाज आला, अगदी रडवेला. "अहो, दोन्ही पाय करून झाले."

बराच वेळ मला डोळे उघडायचा धीर झाला नाही. शेवटी उघडले आणि आधी स्वतःच्या पायांकडे पाहिलं.

"म्हणजे आता... दुखलं नाही तर यायचं का?"

"मधुमेहाने पाय बधिर झालेत तुमचे. रोज तळपाय बघायचे. काही दिसलं की यायचं," डॉक्टर म्हणाले आणि बायकोकडे वळले. "आणि ते काम तुम्ही करायचं, वहिनी. यांच्यावर सोडू नका. दुकानभर रक्त सांडत फिरले, आणि स्वतःचे सोडून सगळ्यांचे पाय तपासून आले!"