कनातीआडच्या पूजेचे वर्तमान

कुळस्वामी साक्ष आहे. लोक पुसतात की सरकारचा तोफखाना एवढा नामांकित कशाने जाहला. तर जे घडले ते, काही एक न झाकता, येथे लिहिले आहे. वाचणाराने मन घट्ट करून वाचावे. शके सोळाशे चाळीस, विलंबी नाम संवत्सरी, भाद्रपद मासी राज्यावर कठीण समय प्राप्त जाहला. दसरा होताच गनीम चालून येणार ऐशी खबर आली, आणि आमच्या तोफा तो चार बार होताच फुटत, गोलंदाज गनिमाच्या हाते न मरता आपल्याच तोफेने मरत. मग महाराजांनी कारखानीस नारो गंगाधर यांस आज्ञा केली की, राज्यात ओतकामाची तीन थोर घराणी आहेत, त्यांस एके ठायी बसवावे, तिघांचे ज्ञान एकत्र करून एक रीत बांधावी आणि त्या रीतीने तोफा ओताव्या. त्याजवरून घाटावरून लिंबाजी आले, बंदरातून उस्ताद दौलतखान आले, आणि नदीकाठचे गोंदजी ओतारी आपला धाकटा भाऊ रखमाजी यास घेऊन आले. आईबाप गेल्यावर रखमाजीस गोंदजींनीच पोटच्या पोराप्रमाणे वाढविले होते, आणि भावाचा शब्द त्याने कधी खाली पडू दिला नव्हता.

मग सभा बैसली. कारखानीसांच्या मनात होते की आधी बेलभंडार उचलावा, उस्तादांनी आपल्या धर्माची आण घ्यावी, आणि जाणतो तितके सांगतो ऐसे तिघांनी म्हणावे. परंतु एवढ्या जाणत्यांस शपथ घालणे म्हणजे त्यांचा अपमान, ऐसे वाटून ते राहिले. येथेच घात जाहला! सभा वरून पाहता फारच उत्तम चालली. लिंबाजींनी तांब्यात कथील किती ते सांगितले, आणि उस्तादांनी भाता कसा चालवावा ते सांगितले, आणि गोंदजींनी साच्याच्या मातीत लीद किती मळावी ते सांगितले. एकाने दुसऱ्याची चूक काढिली आणि दुसऱ्याने ती मानिली. बापजाद्यांनी कधी परक्यास न सांगितल्या त्या गोष्टी चारचौघांत बोलिल्या गेल्या. कारखानीसांस तो आभाळ ठेंगणे जाहले.

परंतु पोटातले सगळे ओठावर आले नव्हते. गोंदजींच्या घरी एक चाल होती की, साचा वरून वाळला म्हणजे भोवती कापडाची कनात लावावी, गडीमाणसे, सख्खा भाऊदेखील, बाहेर काढावी, आणि थोरल्याने एकट्याने आत जाऊन पूजा करावी. पूजा कसली हो! साच्याच्या पोकळीत गोवऱ्यांचा जाळ घालून मातीच्या पोटातली ओल मारावयाची, टिचकी मारिता खणखणीत वाजेपर्यंत. ओल राहिली आणि वर धातूचा तापला रस पडला, तर साचा दारूच्या कोठारासारखा उडतो. हे बापाने मरतेसमयी थोरल्याच्या कानात सांगितले होते. गोंदजींनी मनात म्हटले की, हेही देऊन टाकले तर उद्या आमचे दार पुसतो कोण? ओतावयाचे आदले दिवशी आपण कनात मागून घेऊ, गुपचूप काम उरकू, तोफ साधेल आणि घराण्याचेही राहील. ऐसे ठरवून ते मूग गिळून बसले.

मग तिघांच्या रीतीने साचे घडले, वरून वाळले, तोच गनीम नदी उतरला ऐशी बातमी आली आणि कारखानीसांनी त्याच सकाळी रस ओतावयाचा हुकूम केला. गोंदजी धावत गेले आणि म्हणाले, कनात लावा, पूजा राहिली आहे. कारखानीस म्हणाले, पूजा भटजींनी यथासांग केली, तुम्ही निश्चिंत असावे. आता खरे बोलावे तर शेजारी लिंबाजी उभे, उस्ताद उभे, दोघांचे कान इकडेच. गोंदजींची दातखीळ बसली. ते दोघेही तोंड उघडून पुन्हा मिटत होते, ते गोंदजींनी पाहिले आणि आपलेच गुपित काढू पाहतात ऐसे समजले. भट्टीचे तोंड फोडिले, रस पाटाने धावला, आणि पहिल्या साच्याच्या तोंडाशी, खड्ड्यात, रखमाजी उभा होता. तेव्हा गोंदजी ओरडले, "रखमा, वर ये!"

"दादा, रस चालू आहे. आता कसा येऊ?" तो म्हणाला.

आणि साचा उडाला. रखमाजी व दोघे गडी जागीच गेले. देह कैसे जाहले ते लिहवत नाही. धूर ओसरला तो उस्ताद मातीत बसले होते, आणि म्हणाले, "ओल होती. मी जाणत होतो. मलाही कनातच मागायची होती." लिंबाजींनी पागोटे उतरून भुईवर ठेविले आणि नुसती होकाराची मान हलविली. तीन घराणी, तिघांच्या कनाती, आणि आत एकच जाळ! प्रत्येकास वाटे, हे आपल्याच बापाने शोधले.

दुसरा दिवस उजाडताच गोंदजी आपण होऊन सभेत आले आणि म्हणाले की, शपथ घाला, आम्हांस घातलीच पाहिजे. मग सगळे सांगितले गेले, आणि उरल्या साच्यांत जाळ घातला गेला. तोफा ऐशा उतरल्या की गनीम आला वाटेने माघारा गेला, आणि पुढे धरणवाले, गलबते बांधणारे, वैद्य, सगळ्यांच्या सभा याच चालीने बैसू लागल्या. गोंदजींस सरकारातून मानाची वस्त्रे आली. ती त्यांनी उलगडली नाहीत. घरी जाऊन रखमाजीच्या बायकोपुढे, तुकाईपुढे, बसले आणि घडले ते सारे बोलिले. तिने ऐकून घेतले आणि इतकेच विचारिले, "जाळच घालायचा होता ना, भावजी? तो आमच्या घरधन्यांनीही घातला असता."

येणेप्रमाणे राज्यात विद्या वाढली. सभेत आधी शपथ होते, मग ज्याने जे झाकिले ते त्याने सांगावे, मग विडा. गोंदजी जिवंत होते तोवर पहिले तेच उठत आणि दर खेपेस एकच सांगत की, साच्यात जाळ घालावा. ते सभेत सगळ्यांस ठाऊक असे. तरी कोणी त्यांस मध्ये थांबविले नाही. वर्तमान संपले.